अंजनगावच्या सपाटीवरून टांगलांग ला: तयारी मागच्या चाकापासून

प्रश्न थोडक्यात असा: "मी अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यात राहतो. वय ३४, वजन ६८ किलो. रोज ३५-४० किलोमीटर रोड बाइक चालवतो, रस्ता सगळा सपाट. सायकल ८ स्पीडची आहे, पुढे ५०/३४ दात, मागे ११-२८ दात, रिम ब्रेक. पोळ्याच्या आगेमागे मनाली ते लेह सायकलने जायचं आहे, सामान स्वतःच वाहून नेणार. जवळपास चिखलदऱ्याशिवाय घाट नाही. सपाटीवरच्या माणसाला हे जमेल का? तयारी कशी करू?"

जमेल. पूर्णेच्या खोऱ्यात सायकल चालवणाऱ्याचे पाय कमी नसतात. वाऱ्याला तोंड देत तासन्‌तास एका लयीत पायडल मारायची सवय घाटातही कामाला येते. कमी आहे ती तुमच्या सायकलीच्या मागच्या चाकात. म्हणून सरावाआधी गियरबद्दल सांगतो. या रस्त्यावर गुडघे धरून परत फिरणारे बरेचजण चुकीच्या दातांवर आलेले असतात.

हिशेब असा. तुम्ही ६८ किलो, सायकल ११, सामान ९, एकूण ८८ किलो. मनाली-लेह रस्त्यावर खिंडींचे चढ बहुतेक ४ ते ७ टक्क्यांचे आहेत. आपण ६ टक्के धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. तुमचा सगळ्यात हलका गियर पुढे ३४, मागे २८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५६ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ९.२ किलोमीटर वेग पडतो आणि त्याला सुमारे १५० वॉट लागतात. चिखलदऱ्याला हे निभून जाईल.

आता याच रस्त्यावरचा टांगलांग ला घ्या ('ला' म्हणजे खिंड). उंची ५३२८ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरासा वर असतो. घरी तासभर १८० वॉट टिकवणारा माणूस, शरीर उंचीला नीट सरावल्यानंतरही, तिथे ११५-१२० च्या आसपास उरतो. दिवसभर चढायचं तर त्यातलेही तीन चतुर्थांशच वापरायचे, म्हणजे ८५-९० वॉट. ३४/२८ वर ६ टक्क्यांच्या चढाला ९० वॉट लावले की फेरे मिनिटाला ३६ वर येतात. प्रत्येक फेऱ्याला अख्खं वजन गुडघ्यावर. असे तीन-चार तास गेले की गुडघ्याची वाटी दुखायला लागते आणि मग ते दुखणं लेहपर्यंत सोबत येतं. मागे ३४ दात लावले तर त्याच ताकदीत ४४ फेरे मिळतात. पुढेही ३० दातांची चकती मिळाली तर ५०, वेग ताशी साडेपाच किलोमीटर. या वेगात सायकलचा तोल राहतो. ताशी चारच्या खाली मात्र हँडल डुगडुगायला लागतं, तेव्हा उतरून ढकललेलं बरं.

म्हणून मागे ११-३४ कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, घालायचीच. ८ स्पीडमध्ये ती सहज मिळते, अमरावती-नागपूरच्या दुकानांत नसली तरी मागवून देतात. आधी दुकानदाराकडून चाक बघून घ्या: तुमची खरोखर कॅसेट आहे, की हबवर आट्याने बसणारं फ्रीव्हील? स्वस्त सायकलींत फ्रीव्हील असतं आणि दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पुढच्या ३४ च्या जागी त्याच क्रँकवर ३० बसणार नाही, कारण पाच बोल्टच्या वर्तुळाचा व्यासच तेवढी लहान चकती घेत नाही. ३० हवी तर ४६/३० चा अख्खा क्रँक बदलावा लागतो, पुढचा डीरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) खाली सरकवावा लागतो आणि खर्च वाढतो. सामान ९ किलोच्या आत ठेवणार असाल तर ३४/३४ वर भागेल. १२-१४ किलोवर जाणार असाल तर ३० घ्या.

कॅसेट बदलली की मागचा डीरेलर पुरत नाही. २८ दातांसाठीचा आखूड केजचा (दोन पुल्या धरणाऱ्या पट्टीचा) डीरेलर ३४ ला घासतो. तुमच्या ८ स्पीडच्या शिमानो शिफ्टरबरोबर माउंटन बाइकचा ८ किंवा ९ स्पीडचा लांब केजचा डीरेलर चालतो, आल्टस किंवा एसरा. केबल ओढण्याचं प्रमाण दोन्हींत सारखं आहे. माउंटन बाइकचा १० स्पीडचा मात्र चालत नाही, गियर अर्ध्यावर अडकतात. दुकानदार 'बसेल' म्हणाला तरी घेऊ नका.

बसवताना तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. पहिली, चेनची लांबी. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या दातांवर, डीरेलरमधून न ओवता, गुंडाळा. दोन्ही टोकं जिथे जुळतात तिथून २ कड्या जास्त ठेवून तोडा. जुनीच चेन ३४ ला वापरली तर ती आखूड पडते आणि चुकून मोठ्या-मोठ्यावर गेली की डीरेलर ओढून मोडते. दुसरी, डीरेलरवरचा 'एल' लिहिलेला स्क्रू. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातावर ठेवा आणि डीरेलर बोटाने आतल्या बाजूला दाबा. तो स्पोककडे जराही सरकता कामा नये. सरकला तर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. तिसरी, बी-स्क्रू. वरची छोटी पुली आणि ३४ चा दात यांत ५-६ मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर हलक्या गियरवर करकर असा सतत आवाज येतो, आणि तो ऐकून लोक चेनला तेल घालत बसतात. सायकल रेल्वेतून किंवा बसच्या टपावरून गेली की डीरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो आणि तुमचं सगळं जुळवलेलं बिघडतं. त्यामुळे मनालीत सायकल जोडल्यावर 'एल' स्क्रू पुन्हा तपासा आणि तुमच्या फ्रेमचा एक सुटा हँगर सोबत ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेत कुठेच मिळणार नाही.

दुसरी गोष्ट तब्येतीची. बाहेरच्या मार्गदर्शकांत ही सहसा सापडत नाही, पण आपल्या भागात अगदी महत्त्वाची आहे: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे आणि पुष्कळ वाहकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. पीडित म्हणजे 'एसएस' असाल तर या उंचीवर जाऊच नका. वाहक म्हणजे 'एएस' असाल तर शेतात राबताना, सायकल चालवताना एरवी काही जाणवत नाही. पण विरळ हवेत कष्ट पडले की काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो. डाव्या बरगड्यांखाली एकाएकी तीव्र दुखतं, उलट्या होतात, ताप येतो. सोबतचे लोक त्याला गॅस किंवा चमक समजतात आणि वेळ जातो. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटीची साधी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की पीडित हे कळतं. तिकीट काढण्याआधी हे करा, सोबत हिमोग्लोबिन आणि रक्तदाबही बघून घ्या. वाहक निघालात तर जायचं की नाही हे फिजिशियनशी बोलून ठरवा.

आता चिखलदरा. परतवाडा सुमारे ४०० मीटरवर, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, म्हणजे एका फेरीत ७०० मीटरची चढण. मनाली २०५० मीटरवर आणि रोहतांग ३९७८ वर आहे. म्हणजे रोहतांगचा एक चढ पावणेतीन चिखलदऱ्यांएवढा, ५० किलोमीटरभर पसरलेला. चढ तुलनेने सौम्य, पण संपता संपत नाही. तेव्हा चिखलदरा किती मिनिटांत चढलो याची नोंद ठेवू नका. वर पोचल्यावर लगेच अजून एकदा चढता येईल का, एवढंच बघा.

बारा आठवडे हाताशी धरा. पहिले चार आठवडे रविवारी बिनसामानाचा एक चिखलदरा. धामणगाव गढी मागे पडली आणि चढ लागला की लगेच हलक्या गियरवर या आणि मोथ्यापर्यंत अशा लयीत चला की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. वाक्य मध्ये तुटलं की तुम्ही जास्त जोर लावताय. सपाटीवरचे सायकलस्वार इथे हटकून चुकतात. सवय ताशी २५ ची, म्हणून पहिल्या दोन किलोमीटरात मोठा गियर रेटतात आणि नंतर घाटभर दमतात. पाचव्या ते आठव्या आठवड्यात मागे कॅरिअर लावा, आधी ५ किलो आणि मग ९ किलो. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तरी चालतं. लादलेली सायकल उतारावर वेगळी वागते. मागचं वजन मागे-पुढे डुलतं, पुढचं चाक हलकं होतं, ताशी ४० च्या पुढे हँडल थरथरू शकतं. थरथर सुरू झाली तर गुडघ्याने टॉप ट्यूब (फ्रेमचा वरचा आडवा दांडा) आवळा, मागचा ब्रेक हळूहळू लावा, हँडल मात्र घट्ट पकडू नका. नवव्या ते अकराव्या आठवड्यात शनिवार-रविवार सलग चढाई करा आणि एक दिवस असा ठेवा की चिखलदरा दोनदा होईल. शेवटचा आठवडा हलका.

घाट मेळघाटाच्या जंगलातून जातो. पूर्ण उजाडल्याशिवाय शिरू नका आणि दिवेलागणीच्या आत बाहेर पडा. अस्वलाशी गाठ बहुधा पहाटे आणि तिन्हीसांजेला पडते. घटांगच्या वाटेने जाणार असाल तर हे आणखी पाळा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी फार असते, शक्य असेल तर आठवड्यातला दिवस काढा. धुकं आलं तर मागचा लाल दिवा भर दिवसाही चालू ठेवा.

बाकीच्या दिवसांत गावाजवळचं काम. आठवड्यातून एकदा जूनचा पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन, मोठ्या गियरवर मिनिटाला ५०-५५ फेरे ठेवून १० मिनिटं, मग ५ मिनिटं सैल, असं तीनदा. पायांत चढाची ताकद भरण्यासाठी सपाटीवर याहून चांगला उपाय नाही. गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, ५ मिलिमीटर वर घ्या. मागच्या बाजूला दुखलं तर उलट. पंक्चर आपल्याकडे सराट्याचं आणि बाभळीचं. काटा ट्यूबमधून निघतो पण टायरमध्ये मोडून राहतो आणि नवी ट्यूबही तासाभरात बसते. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. टोक राहिलं असेल तिथे कापूस अडकतो.

पाणी-जेवणाचा हिशेब घरीच बसवा. चढावर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास मिळतात. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, तिळाचा लाडू चालतो, पण शेंगदाणा आणि तीळ जास्त झाले तर तेल पोटात जड पडतं. उंचीवर भूक मरते आणि तेलकट नको वाटतं. तिथे सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून पिता येतं, चावावं लागत नाही. ते इथूनच दोन किलो न्या. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. आपल्या उकाड्यात घाम ओथंबतो म्हणून तहान कळते. लडाखमध्ये हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो. ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करू नका. पाकीट संपलं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मार्गाचं नियोजन उंचीवर बेतायचं, किलोमीटरवर नाही. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. या रस्त्यावर तो काटेकोर पाळता येत नाही, म्हणूनच विश्रांतीचे दिवस कापू नका. मनालीत दोन रात्री. मग कोठी किंवा मढी, जिथे राहायची सोय होईल तिथे. दुसऱ्या दिवशी रोहतांग ओलांडून खाली सिस्सूकडे. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला तेव्हापासून मोठी वाहतूक खालून जाते आणि रोहतांगचा रस्ता सायकलला पूर्वीपेक्षा मोकळा मिळतो. शिवाय जवळपास ४००० वर जाऊन ३१०० वर झोपायला येणं शरीराला फार उपयोगाचं. पुढे केलाँग, जिस्पा. जिस्पा ३२०० च्या आसपास, तिथे दोन रात्री काढा. तिथून सरळ सरचूला, म्हणजे सुमारे ४२९० ला जाऊन झोपणं ही या मार्गावरची नेहमीची चूक. एका दिवसात हजार मीटरची उडी होते आणि रात्री दोनला डोकं फुटायला लागतं. मध्ये पटसेओला, साधारण ३८०० वर, एक रात्र घ्या. मग बारालाचा ला (सुमारे ४८९०) ओलांडून सरचू.

सरचूच्या पुढचा दिवस सगळ्यात अवघड. गाटा लूप्सची २१ वळणं, मग नकी ला (सुमारे ४७४०), थोडं उतरून लाचुंग ला (५००० च्या वर), मग पांग. सायकल लादलेली असेल तर पहाटे साडेपाचला निघा. गाटा लूप्समध्ये वळणं कापून जाणारे कच्चे शॉर्टकट दिसतात. ते ट्रकवाल्यांनी पाडलेले आहेत, सायकलला नाहीत. दुपारी बारापर्यंत नकी ला झालं नाही तर दोन खिंडींमधल्या व्हिस्की नाल्याच्या तंबूंत थांबायचं की लाचुंग ओलांडायचं हे तब्येत बघून ठरवा. डोकं दुखत असेल तर तिथे, ४७०० च्या आसपास, झोपू नका. ट्रकला हात करा, सायकल वर टाका आणि सरचूला खाली या. त्यात कमीपणा नाही.

उंचीच्या आजाराची लक्षणं पाठ करून ठेवा. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, भूक नाही, चक्कर: हा साधा विकार. जिथे आहात तिथेच थांबा, वर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी उतरलं नाही तर खाली. मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच लावत सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नाहीत, तोल जातो, बोलणं अडखळतं: मेंदूला सूज. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, छातीत घरघर होते: फुप्फुसात पाणी. या दोन्हींत रात्र असली तरी लगेच खाली न्यायचं. सोबत कुणी हवं ते यासाठीच, कारण मेंदूला सूज आलेला माणूस 'मला काही नाही झालं' असंच म्हणतो. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सल्फाची अॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. आणि त्या गोळीने लघवी वाढते हे लक्षात ठेवून पाणी प्या.

वितळलेल्या बर्फाचे नाले रस्त्यावरून वाहतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनपर्यंत गुडघ्याला लागतं, कारण वर ऊन पडून बर्फ वितळतो. म्हणून नाल्याचा टप्पा सकाळी दहाच्या आत. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य या काळात पाणी ओसरलेलं असतं. तुमचा पोळ्याच्या आगेमागेचा बेत त्यासाठी अगदी बरोबर, आणि सोयाबीन सोंगणीच्या आत परतही याल. दुपारनंतर वारा उलटा असतो. पांगच्या पुढे मोरे मैदानात सुमारे ४० किलोमीटर दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्यासारखी सपाटी लागते. तुम्हाला तिथे घरी आल्यासारखं वाटेल आणि नेमका जोर लावायचा मोह होईल. उंची ४७०० आहे हे विसरू नका.

उतार. ८८ किलो वजन १००० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती सगळी ब्रेकवर घेतली तर अडीच लिटर थंड पाणी उकळेल. रिम ब्रेकमध्ये ही उष्णता रिममध्ये आणि तिथून ट्यूबमध्ये जाते. ब्रेक सतत घासत ठेवला तर रिम तापते, ट्यूबवरचं ठिगळ सुटतं किंवा टायर फुटतो. सरळ रस्त्यावर सायकल सुटू द्या, छातीला वारा घ्या, तो फुकटचा ब्रेक आहे. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद जोरात लावून वेग पाडा आणि वळणात शिरताना सोडा. वळणात वाळू असते. तिथे पुढचा ब्रेक लावला की चाक निसटतं. दर पंधरा मिनिटांनी थांबून रिमला बोट लावून बघा. बोट ठेववत नसेल तर गार होऊ द्या. तेव्हाच पॅडही उलटून बघा. त्यात अॅल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले असतील तर सुईने उकरून काढा, नाहीतर ते रिम कापत जातात. पॅडचे दोन नवे जोड सोबत हवेतच, एक जोड लेहपर्यंत पुरेल असं धरून चालू नका.

हवेच्या दाबाबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की वर गेल्यावर टायर फुगून फुटतो, म्हणून आधीच हवा काढतात. बाहेरचा दाब कमी झाल्याने ५३०० मीटरवर टायरचा दाब ६-७ पीएसआयने वाढतो, हे खरं. चिवड्याचं पाकीट गच्च फुगतं ते त्यामुळेच. पण टायरमधली हवा गारठ्याने आकसते आणि तो फरक भरून निघतो. २८ मिलिमीटरचे टायर घ्या, फ्रेममध्ये मावले तर ३२. मागे ८०, पुढे ७० पीएसआय ठेवा आणि वाटेत हात लावू नका. फ्रेंच (बारीक, प्रेस्टा) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अॅडॉप्टर खिशात ठेवा. ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड तुमच्या ट्यूबला बसत नाही.

सुटे भाग: ट्यूब ३, ठिगळं आणि ताजं सोल्यूशन (उघडलेली नळी महिनाभरात वाळते), चेन तोडायचं हत्यार आणि चेनच्या दोन क्विक लिंक, ब्रेकची एक केबल आणि गियरची एक केबल, दोन्हींची डोकी वेगळी असतात, एक दुसऱ्याला चालत नाही. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे ३ स्पोक, कारण लादलेल्या सायकलीचे तेच तुटतात. ते डाव्या बाजूच्या लांबीचे नसतात, दुकानात मोजून घ्या. जुन्या टायरचा हाताच्या तळव्याएवढा तुकडा, टायर फाटला तर आतून लावायला. ४, ५, ६ चे अॅलन की आणि दहा-बारा प्लास्टिकचे टाय. कॅरिअरचे चारही बोल्ट रोज संध्याकाळी आवळा, खडबडीत रस्त्यावर ते ढिले होतातच. तंबू नेऊ नका, हंगामात ढाब्यांच्या तंबूंत अंथरूण-पांघरूण मिळतं. त्याने दोन किलो वाचतात.

कपड्यांत एकच सांगतो. खिंडीवर पोचल्यावर फोटोआधी जाकीट घाला, घामेजलेला बनियन बदला, पूर्ण बोटांचे हातमोजे चढवा. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे दोन कागद घातले तर वारा अडतो. बोटं गारठली की ब्रेकची कांडी ओढता येत नाही, आणि ते नेमकं पहिल्याच वळणावर कळतं.

सायकल नेण्यासाठी खोक्यात भरून रेल्वेच्या पार्सलने दिल्ली आणि पुढे बस. भरताना पायडल काढावे लागतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो. ताकद लावूनही सुटत नसेल तर बहुधा उलटा फिरवताय.

टांगलांग लावरून रुमत्सेपर्यंत लांब उतार आहे, मग उपशीला सिंधू भेटते आणि रस्ता बराचसा तिच्या काठाने जातो. इथे लोक प्रवास संपला असं समजून पाणी-खाणं संपवून टाकतात. लेह शहर मात्र नदीच्या काठावर नाही. चोगलमसरपासून शहरापर्यंत सुमारे अडीचशे मीटर पुन्हा चढायचं असतं, तेही दुपारच्या वाऱ्यात, दहा दिवसांच्या थकलेल्या पायांनी. एक भरलेली बाटली आणि दोन चिक्क्या त्या चढासाठी राखून ठेवा.